टिळकवाडीकडचा बिनबोर्डाचा फुटबॉल क्लास – पोरगा नऊ महिने जातोय, त्याचा अनुभव

या क्लासला बोर्ड नाही, नाव नाही, सगळे नुसतं "सरांचा क्लास" म्हणतात, म्हणून मी पण तसंच लिहितो. आपल्या बेळगावात टिळकवाडीतून अनगोळकडं जाताना जे मैदान लागतं तिथं सकाळी सहा ते साडेसात, सोमवार सोडून रोज. आमचा धाकटा बारा वर्षांचा, गेल्या जूनपासून जातोय, नऊ महिने झाले. बऱ्याच जणांनी विचारलं म्हणून एकदाच सगळं सविस्तर लिहून टाकतो.

आधी आमची अडचण सांगतो म्हणजे पुढचं कळेल. पोरगा वयाच्या मानानं उंच, हातपाय लांब, पण पळण्यात चपळ नाही. याआधी एका दुसऱ्या क्लासला घातला होता (नाव घेत नाही), तिथं रोज प्लास्टिकचे कोन मांडून त्यांच्यामधून बॉल पळवत न्यायचा (ड्रिब्लिंग), ज्यांचे पाय भराभर चालतात त्यांना मॅचमध्ये पुढं, आणि आमच्याला "तू उंच हाईस, मागं थांब" एवढंच. मागं थांबून करायचं काय ते कोणी शिकवलं नाही, गोल झाला की मात्र सगळे याच्यावर ओरडणार. दोन महिन्यांनी एक दिवस घरी येऊन बूट पलंगाखाली सारून बसला, आईनं विचारलं "का रडायलास?" तर म्हणाला मला गोल मारता येत नाही म्हणून मी टीमला नको. त्या रात्री मला झोप लागली नाही, खरं सांगतो.

मी उद्यमबागेत फाउंड्रीत आहे, तिथल्या एका दादांचा पोरगा सरांकडं जायचा, त्यांनी सांगितलं एकदा नेऊन तर बघा. नेला. पहिल्या दिवशी सरांनी त्याला बॉलला हातपण लावू दिला नाही. मोठ्या पोरांची मॅच चालली होती, त्याला मध्ये उभा केला, पाच मिनिटांनी डोळे झाकायला सांगितले आणि विचारलं, "तुझ्या मागं कितीजण होते?" हा म्हणाला तीन. "कुठं कुठं?" यानं हातानं तीन दिशा दाखवल्या. सर म्हणाले, "बरोबर. उद्यापासून ये, बूट घालून ये." बस्स. घरी येताना गाडीवर मागं बसून तो मला पुन्हा पुन्हा त्या तिघांची जागा सांगत होता.

सर स्वतः डिफेंडर, तरुणपणी कोल्हापुरात एका तालमीच्या टीमकडून मागं खेळलेत. कोल्हापूरचा फुटबॉल ज्यांनी शाहू स्टेडियममध्ये बसून बघितलाय त्यांना सांगायला नको की तिथल्या गर्दीसमोर मागं उभं राहायचं म्हणजे काय. त्यामुळं यांचा सगळा क्लास मागून पुढं चालतो. पहिले तीन महिने प्रत्येक पोराला, मग तो पुढं खेळणारा असो नाहीतर मध्ये, बचाव शिकावाच लागतो. समोरचा बॉल घेऊन आला की झेप घ्यायची नाही, अंग थोडं तिरकं, छोटी छोटी पावलं, त्याच्या पायाच्या हुलकावण्या न बघता बॉल बघायचा, आणि त्याला हळूहळू साइडलाइनकडं ढकलत न्यायचं. सर म्हणतात लाइन म्हणजे तुमचा जादा डिफेंडर, ती कधी दमत नाही. आमच्या पोराला पळता येत नाही ही जी भीती होती ती इथंच निम्मी गेली, कारण योग्य जागी आधीच उभं असलं की पळायचं अंतरच कमी होतं हे त्याला कळलं.

दुसरी गोष्ट बोलणं. मागं खेळणाऱ्याला सगळं मैदान दिसतं म्हणून त्यानं सतत बोलायचं. आता आपल्याकडं एका टीममध्ये मराठी, कन्नड, उर्दू बोलणारी पोरं, कॅम्पातली कोंकणी बोलणारी दोघं, तर घाईत कोण काय ओरडतो कळायचं नाही. सरांनी पोरांनाच बसवून शब्द ठरवायला लावले. ठरलं ते असं – मागं माणूस असला की "हिंदे", बॉल आपण घेणार असलो की "माझा", जाऊ द्यायचा असला की "छोड". सगळ्यांनी हेच बोलायचं. आमच्या आईला, म्हणजे पोराच्या आज्जीला, हे इतकं आवडलं की ती स्वयंपाकघरात मागून जाताना "हिंदे" म्हणते.

आता ज्याच्यासाठी मी खरं हे लिहायला घेतलं ते. शनिवारी सराव एक तासच, शेवटचा अर्धा तास गोष्ट. चिंचेच्या झाडाखाली पोरं बसतात, सर एका खेळाडूची कारकीर्द घेतात आणि चारपाच शनिवार तीच चालते. आम्ही गेलो तेव्हा जॅक चार्ल्टन, इंग्लंडचा जुना डिफेंडर, सुरू होता. मी नाव ऐकलं होतं ते बॉबी चार्ल्टनचं, हा त्याचा थोरला भाऊ हेपण मला माहिती नव्हतं. पहिल्या शनिवारी मी गाडीवरच बसून होतो, दुसऱ्या शनिवारपासून पोरांच्या मागं जाऊन मांडी घालून बसलो.

जॅकचा जन्म ८ मे १९३५, इंग्लंडच्या उत्तरेला अ‍ॅशिंग्टन नावाचं कोळशाच्या खाणींचं गाव. बाप खाणीत. आईकडं मात्र फुटबॉल, तिचे चार भाऊ व्यावसायिक खेळाडू. पंधराव्या वर्षी लीड्स युनायटेडनं ट्रायलला बोलावलं तर यानं नाही म्हटलं आणि बापाच्या मागं खाणीत उतरला. खाली काय असतं ते बघितलं आणि थोड्याच दिवसांत नोटीस दिली. मग पोलिसात अर्ज केला, आणि नेमकी पोलिसांची मुलाखत आणि लीड्सची ट्रायल मॅच एकाच दिवशी आली. तो मॅचला गेला. सर हे सांगत होते तेव्हा समोरच्या बाजूला भरतीची पोरं राउंड मारत होती, मराठा लाइट इन्फंट्रीचं गाव आपलं, रोज पहाटे पळणारी पोरं असतातच, आणि आमच्या क्लासची सगळी पोरं मान वळवून त्यांच्याकडं बघायला लागली. संध्याकाळी मी कामावरून आलो तर पोरगा म्हणतो, "पप्पा, फाउंड्रीत पण खाणीसारखं गरम असतं?" मी होय म्हटलं. त्यानं मला पाणी आणून दिलं.

लीड्समध्ये तो २१ वर्षं राहिला, नुसत्या लीगचेच ६२९ सामने, एकच क्लब. पण हे सरळ झालं असं नाही. सुरुवातीची बरीच वर्षं टीम मोठी नव्हती, हा भांडखोर, कुणाचं ऐकायचा नाही. मध्ये दोन वर्षं लष्करात सक्तीची सेवा. पण लीड्सच्या या सुरुवातीच्या वर्षांत तो इंग्लंडच्या फुटबॉल असोसिएशनचे कोचिंगचे कोर्स करायला लिलशॉलला जायचा, शाळांतल्या पोरांना शिकवायचा, म्हणजे स्वतः खेळत असतानाच शिकवणं शिकत होता. १९६१ ला डॉन रेव्ही मॅनेजर झाला आणि मग सगळं बदललं, १९६४ ला टीम पहिल्या, म्हणजे सगळ्यात वरच्या डिव्हिजनमध्ये आली, १९६८ ला लीग कप, १९६९ ला लीग, १९७२ ला एफए कप. एफए कपच्या फायनलला जॅकचा ३७ वा वाढदिवस दोन दिवसांवर होता, आणि समोर आर्सेनलला एकही गोल करता आला नाही, १-०.

इंग्लंडकडून पहिला सामना कधी, तर एप्रिल १९६५ मध्ये, तीस पूर्ण व्हायला महिनापण उरला नव्हता तेव्हा. धाकटा भाऊ बॉबी १९५८ पासून खेळत होता. सर म्हणाले जॅकनं मॅनेजर अल्फ रॅम्झीला विचारलं की मला का घेतलं, तर रॅम्झीनं सांगितलं की मी नेहमीच सगळ्यात चांगले खेळाडू निवडतो असं नाही, माझ्या खेळाच्या पद्धतीत जो बसतो तो निवडतो. हे ऐकून आमचा पोरगा एकदम ताठ बसला. मी त्याच्या पाठीमागं होतो, मला चेहरा दिसला नाही, पण पाठ दिसली.

१९६६ चा वर्ल्ड कप सरांनी एक पूर्ण शनिवार घेतला आणि मला आवडलं ते हे की त्यांनी जॅकच्या चुका लपवल्या नाहीत. पोर्तुगालबरोबरच्या सेमीफायनलमध्ये यानं हातानं बॉल अडवला, पेनल्टी गेली, युसेबिओनं गोल केला, त्या स्पर्धेत इंग्लंडवर झालेला तो पहिला गोल. फायनलला पश्चिम जर्मनीविरुद्ध इंग्लंड २-१ नं पुढं, मिनिटभर उरलेलं, आणि फ्री किक गेली ती जॅकच्याच फाउलवर, त्यातून २-२. मग जादा वेळ आणि ४-२. सरांनी पोरांना विचारलं, त्या २-२ नंतर तुम्ही काय केलं असतं? एकानं सांगितलं मान खाली घातली असती, एकानं सांगितलं सॉरी म्हटलं असतं. सर म्हणाले तो अजून तीस मिनिटं खेळला आणि त्या तीस मिनिटांत जर्मनीला एकही गोल करू दिला नाही. ज्या पोराला गोल झाला की सगळे ओरडायचे त्याच्या बापाला हे ऐकून काय वाटलं असेल ते तुम्हीच समजा.

मॅनेजर झाल्यानंतरचा भाग माझ्या दृष्टीनं त्याहून भारी. १९७३ ला खेळणं थांबवलं आणि लगेच मिडल्सब्रो. ही दुसऱ्या डिव्हिजनची टीम, पहिल्याच वर्षी पहिला नंबर, तोही दुसऱ्या नंबरच्या टीमपेक्षा १५ पॉइंट जास्त, आणि त्या काळात जिंकल्यावर दोनच पॉइंट मिळायचे, म्हणजे बघा. १९७४ चा मॅनेजर ऑफ द इयर. १९७७ ला इंग्लंडच्या मॅनेजरच्या जागेसाठी अर्ज केला तर साधं उत्तरपण आलं नाही. मग शेफिल्ड वेन्सडे, तिसऱ्या डिव्हिजनच्या तळाला पडलेली टीम, ती १९८० ला वर आणली. न्यूकॅसलला एक वर्ष, तिथं प्रेक्षकांनी हुर्यो केली तसा राजीनामा देऊन बाहेर. हा भाग सरांनी दोन वाक्यांत उरकला, मला वाटतं जरा थांबायला हवं होतं, कारण पोरांना अपयशपण सविस्तर कळलं पाहिजे.

आणि १९८६ ला आयर्लंड. इंग्लंडचा माणूस आयर्लंडचा मॅनेजर, त्यांच्या इतिहासात बाहेरचा असा पहिलाच, आणि त्या दोन देशांमधलं काय काय आहे ते सरांनी थोडक्यात सांगितलं, सीमाभागातल्या पोरांना ते पटकन कळतं. आयर्लंड तोपर्यंत एकाही मोठ्या स्पर्धेत पोचला नव्हता. लोकसंख्या किती, तर ३५ लाखांच्या आसपास, आपल्या एका बेळगाव जिल्ह्याचीच २०११ च्या जनगणनेत ४७ लाखांच्या वर आहे. मग खेळाडू आणायचे कुठून? ज्यांचे आईबाप नाहीतर आज्जी-आजोबा आयर्लंडचे, पण स्वतः इंग्लंड-स्कॉटलंडमध्ये वाढले, असे बरेच यानं शोधून घेतले. रे हाउटन ग्लासगोत जन्मलेला, वडील आयर्लंडचे. यावर एक पोरगी म्हणाली, "सर, माझी आज्जी गडहिंग्लजची, म्हणजे मी महाराष्ट्राकडून पण खेळू शकते?" सगळी पोरं आपापल्या आज्ज्यांची गावं सांगायला लागली, चंदगड, नेसरी, धारवाड, एकाची सावंतवाडी, सरांनी पाच मिनिटं थांबवलंच नाही.

खेळायची पद्धत सांगितली ती मी अजून डोक्यात घोळवतोय. आयुष्यभर मागं खेळलेल्या माणसाला एक गोष्ट पक्की माहिती असते की डिफेंडरला सगळ्यात जास्त त्रास कशाचा होतो, तर डोक्यावरून मागं पडलेल्या बॉलचा, आपल्याच गोलकडं तोंड करून पळायला लागण्याचा. जॅकनं आयर्लंडची सगळी चढाई यावर उभी केली. लांब बॉल समोरच्या डिफेंडरांच्या मागं कोपऱ्यात टाकायचा, त्यांना वळायला लावायचं, आणि वळले की सगळ्यांनी मिळून अंगावर जायचं, श्वास घेऊ द्यायचा नाही. म्हणजे बचावातलं दुखणं घेऊन त्याचंच हत्यार केलं. लोकांनी याला कुरूप फुटबॉल म्हटलं, लियम ब्रेडीसारखा कसलेला मिडफिल्डर यात बसला नाही, आणि मलापण यूट्यूबवर त्या मॅच बघताना काही जागी कंटाळा आला हे खरं. पण १२ जून १९८८, श्टुटगार्ट, युरोपियन चॅम्पियनशिप, आयर्लंड १ इंग्लंड ०, हाउटननं हेडरनं, म्हणजे डोक्यानं मारलेला गोल सहाव्या मिनिटाला, आणि उरलेली सगळी मॅच बचाव. ती मी पोराबरोबर बघितली, कंटाळा आला नाही.

१९९० चा इटलीतला वर्ल्ड कप, त्यांचा पहिलाच, पाच मॅचमध्ये गोल फक्त दोन, तरी क्वार्टर फायनल. रुमानियाबरोबर ०-०, पेनल्टीत पॅकी बॉनरनं एक अडवली आणि शेवटची मारायला आला डेव्हिड ओलिरी. हा ओलिरी डिफेंडर, ज्याला जॅकनंच मधली काही वर्षं टीमबाहेर ठेवलं होतं. गेला गोलात. पुढं रोममध्ये इटलीकडून १-० हार. १९९४ ला अमेरिकेत त्याच इटलीला १-० हरवलं, परत हाउटन. डिसेंबर १९९५ ला ॲनफिल्डवर हॉलंडकडून हरले आणि जॅक थांबला. आयर्लंडनं १९९६ ला त्याला मानद नागरिकत्व दिलं.

शेवटच्या शनिवारी सर हळू बोलत होते. जॅक १० जुलै २०२० ला गेला, शेवटी कॅन्सरबरोबर विस्मरणाचा आजारपण होता. भाऊ बॉबीलाही तो झाला, १९६६ च्या टीममधल्या आणखी काहींना झाला. आयुष्यभर हेडिंग केलेल्या खेळाडूंच्या मेंदूवर काय परिणाम होतो याचा अभ्यास झाल्यावर फेब्रुवारी २०२० मध्ये इंग्लंडच्या असोसिएशननं प्राथमिक शाळेतल्या पोरांच्या सरावात हेडिंग बंद केलं. सरांच्या क्लासलाही हाच नियम, अकरा वर्षांखालच्यांना हेडिंग अजिबात नाही, त्यावरच्यांना आठवड्यातून एकदा, हलक्या बॉलनं, मोजून. आमचं पोरगं उंच असल्यामुळं मी सुरुवातीला म्हणत होतो की याला हेडिंग जास्त शिकवा. आता नाही म्हणत. क्लासची एकच गोष्ट सांगा म्हटलं तर मी ही सांगेन, एवढा विचार पोरांच्या डोक्याचा कोण करतंय.

आता ज्या गोष्टी आवडल्या नाहीत. गोलकीपरसाठी वेगळं काही नाही, तुमचं पोरगं कीपर असेल तर इथं घालू नका. पावसाळ्यात जून ते ऑगस्ट मैदानाची शेती होते, आपला पाऊस माहिती आहेच, आणि क्लास रद्दचा मेसेज साडेपाचला येतो, तोवर आम्ही रेनकोट घालून निम्म्या वाटेत. मी सरांना तीनदा सांगितलं, अजून सुधारणा नाही. मैदानावर टॉयलेट नाही, पोरींची यामुळं खरी अडचण होते, मला वाटतं म्हणूनच पोरी सहाच आहेत, याचं काहीतरी केलंच पाहिजे. फी महिना ९०० पण तीन महिन्यांची एकदम आगाऊ. फर्स्ट एडची पेटी चांगली, बर्फ असतो, बिब रोज धुतलेले असतात हे मात्र सांगायला हवं. आणि ज्यांना पोरगं महिन्याभरात गोल मारताना बघायचंय त्यांची निराशा होईल, दोन पालक माझ्यासमोर पोरं काढून घेऊन गेले. मला त्यांची घाई कळते, पण पटत नाही.

आमच्याचं काय झालं? जानेवारीत खानापूरच्या पोरांबरोबर फ्रेंडली झाली, हा सेंटर बॅक, म्हणजे मागचा मधला डिफेंडर. दुसऱ्या हाफला याच्या चुकीनं पेनल्टी गेली आणि गोल झाला. मी उठून उभा राहिलो, आता हा कोसळतो की काय म्हणून. त्यानं बॉल जाळ्यातून काढला, मध्ये नेऊन ठेवला, मागं आला आणि उरलेली मॅच सगळ्यांना "हिंदे, हिंदे" ओरडत राहिला. १-१ झाली. परत येताना तिसऱ्या गेटजवळ गाड्यावर मिरची भजी खाल्ली, तेव्हा त्या पेनल्टीबद्दल तो स्वतःच बोलला, कुठं पाय चुकला ते टेबलावर मिठाच्या बाटल्या मांडून मला दाखवलं.

जायचं असेल तर शनिवारी जा, पावणेसहाला, पाण्याची बाटली स्वतःची न्या. पालकांना सर हाकलत नाहीत, गोष्टीला बसू देतात. येत्या शनिवारपासून बॉबी मूर, १९६६ च्या त्या इंग्लंड टीमचा कॅप्टन, सुरू होतोय.